तूट

हजेरीपटावर मी रोल नंबर एकशे चौदा,
जतहून आलेली, शेवटच्या बाकावरची,
नाव विचारलं तर आधी गाव सांगणारी.
संमेलनाच्या खजिनदारपदाला कुणी उभंच राहिना
म्हणून मगदूम सरांनी बोट केलं,
"ही. हिच्या वहीत समास सरळ असतो."

एवढीच माझी पात्रता.

मग बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
आत रबर लावलेल्या नोटा, पावतीपुस्तक, पेन्सिलीचं थोटूक,
आणि मागे लागलेले मांडववाला, माइकवाला,
नऊवारी भाड्यानं देणाऱ्या गावभागातल्या बाई.
जिला कंडक्टरकडे सुटे मागायचा धीर होत नव्हता
तिनं मांडववाल्याकडून खुर्चीमागे
आठ आणे कमी करून घेतले.
परतताना पाय लटपटत होते,
तरी आयर्विन पुलावर मी सायकल
पहिल्यांदा उभ्यानं मारली.

संमेलन झालं. मैदानभर भडंगाचे कागद.
रात्री साडेअकराला ट्यूबलाइटखाली मोजलं,
पुन्हा मोजलं, डबा उलटा करून ठोकला.
तीनशे चाळीस कमी.
सुकन्या म्हणाली, "किरकोळ खर्च लिही गं, कोण बघतंय!"
किती मऊ शब्द.
चादरीसारखा. खाली काहीही मावतं.

सर बशीत चहा ओतत होते.
"तूट लिही," म्हणाले. "पुढं स्वतःचं नाव लिही."
लिहिलं. अक्षर वाकडं आलं.
मग त्यांनी शर्टाच्या खिशातून
घडी घातलेले, बहुतेक दूधवाल्याचे, पैसे काढले
आणि माझ्या ओळीखाली आपल्या हातानं लिहिलं,
उसने दिले, मगदूम.
कधी फेडायचे, ते लिहिलं नाही.

सत्तावीस वर्षं झाली, मी दुसऱ्यांच्या वह्या तपासते.
पतसंस्था, दूध संघ, सोसायट्या.
लाल पेन 'किरकोळ'पाशी आपोआप अडतं.
विट्याच्या एका चेअरमननी वैतागून विचारलं,
"मॅडम, तुम्ही शिकलात तरी कुठं?"
मी कॉलेज सांगितलं.
विषय सांगितला नाही.

सर गेल्याचं फार उशिरा कळलं.
तीनशे चाळीस पाकिटात घालून ऑफिसात गेले.
शिकलगार क्लार्कनी पाकीट उलटंपालटं केलं.
"कुठल्या शीर्षाखाली घेऊ? देणगी?"
देणगी नाही. परतफेड.
"तसलं शीर्ष नाही आपल्याकडं."
म्हटलं, जुनी कीर्द काढा, नोंद आहे माझी.
ते हसले नाहीत.
"खालची कपाटं महापुरात गेली, बाई.
तुमचं साल खालच्या कपाटात होतं."

म्हणजे कृष्णेनं माझी तूट धुऊन नेली.
आता ती माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.
हलकं वाटायला हवं होतं.
यार्डाकडून हळदीचा वारा आला
आणि घशात बसून राहिला.

शिकलगारांनी खिडकीबाहेर बघितलं.
मैदानात मांडवाचे वासे उतरत होते.
"पैशाला शीर्ष लागतं," ते म्हणाले. "शनिवारला लागत नाही.
यंदाच्या खजिनदाराला जमाखर्चातलं ओ की ठो कळत नाही.
बसा जरा त्याच्याजवळ."

हा चौथा शनिवार.
आटपाडीचा प्रज्योत, आवाज अजून फुटतोय,
निम्मी वर्गणी मोबाइलवर, निम्मी बरणीत.
तीनदा मोजून घाबरत म्हणतो,
"मॅडम, एकशे दहा जास्त भरतायत.
कुणाचे ते कळत नाही. पोरांना भडंग आणू?"

जास्त.
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
तूट निदान आपली तरी असते.

"जास्त लिही," मी म्हणते. "पुढं तुझं नाव."
तो पेन धरून बसतो.
बाहेर कुणीतरी माइकवर एक, दोन, तीन मोजतंय,
तिनाच्या पुढं जातच नाही.
मी त्याच्या तोंडाकडे बघत नाही, वहीकडे बघते.
समास पार तिरका गेलाय.
चालेल.